केरबामामा माती का घेत होता

जेवण झालंय. दार उघडंच आहे आणि मी दाराजवळच्या खाटेवर उताणा पडलोय. छातीला सात तारा चिकटवलेल्या आहेत. त्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेल्या काड्यापेटीएवढ्या यंत्रात जातात. ते यंत्र आज सकाळी अकरापासून उद्या अकरापर्यंत माझ्या हृदयाचा एकूण एक ठोका टिपून घेणार आहे. पोटावर एक छापील कागद आहे आणि हातात पेन. दवाखान्यातल्या ताईंनी बजावून सांगितलंय की आंघोळ करायची नाही आणि जे काही कराल ते वेळेसकट लिहायचं. तीन रकाने आहेत. वेळ, काय करत होता, काय त्रास झाला.

शेवटची नोंद आहे : '२.३५. जेवण. पिठलं-भाकरी. त्रास नाही.' पिठलं खारट होतं हेही लिहायचं होतं. पण ते अक्कानं केलेलं, आणि हा कागद डॉक्टर वाचणार. घरचं भांडण दवाखान्यात कशाला न्या.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती चढाच्या तळाला राहते, मी चढाच्या माथ्यावर. बाराला डबा घेऊन येऊन गेली, आता चहाची किटली घेऊन परत येईल. मला चहा करता येतो, पण हे तिला गेल्या चाळीस वर्षांत पटलेलं नाही. चढाच्या अर्ध्यावर पिठाची गिरणी आहे. तिचा फट्‍फट् आवाज दारातून येतोय. मी तो मोजायला लागतो आणि मोजता मोजता माझ्या छातीतला ठोका कुठला आणि गिरणीचा कुठला, ते कळेनासं होतं.

झोप लागायच्या आधी सांगून टाकतो, मी कोण. माझं नाव धैर्यशील वरुटे. मी कुस्तीच्या मैदानात माईकवरून कुस्ती सांगतो. कोण कुणाचा पठ्ठा, कुठल्या तालमीचा, कुणी पट काढला, कुणी कब्जा घेतला, हे मी बोलतो आणि पंचवीस हजार माणसं ऐकतात. माझ्या पायांत ताकद नाही. जन्मापासूनचा स्नायूंचा आजार आहे, घराण्यातून आलेला. काठीनं सपाटीवर चालतो, पायरी आली की थांबतो. मैदानात दोन पहिलवान मला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवतात. आयुष्यात एकही कुस्ती न खेळता पहिलवानांच्या खांद्यावरून मैदानात जाणारा माणूस पंचक्रोशीत मी एकटाच असेन. ह्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा एक नियम आहे. निकाल माईकवरून एकदा गेला की तो मागं घ्यायचा नाही. म्हणून खात्री झाल्याशिवाय मी तो सांगतच नाही. अठरा वर्षांत एकदाही 'माफ करा मंडळी' म्हणायची वेळ आलेली नाही. गेल्या महिन्यात मात्र बोलता बोलता डोळ्यांपुढं अंधारी आली, 'चितपट'मधला 'चित' माईकवर गेला आणि 'पट' तोंडातच राहिला. म्हणून हे यंत्र.

त्याचं मला भय नाही. माझं हृदय दुबळं होत चाललंय हे मला माहीत आहे, डॉक्टरांनाही माहीत आहे, आणि माहीत असलेल्या गड्याशी लढता येतं. माझ्या मैदानी जाकिटाच्या आतल्या खिशात चार महिन्यांपासून एक चिठ्ठी आहे. तेवढी मात्र मला जड जाते.

"पोरा, सरक की जरा."

पायथ्याशी कुणीतरी बसतंय. खाट कुरकुरते. मी डोळे उघडत नाही, पण दिसतं. केरबामामा आहे. आईचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि मी अकरा. आता मी चाळीस आणि तो अजून एकतीसच. म्हणजे मामा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, आणि तरीही पोरा म्हणतोय.

त्याच्या मांडीवर परात आहे. भिजवलेले बदाम दोन बोटांत दाबून तो साली काढतोय. साल एका बाजूला, बदाम दुसऱ्या बाजूला. शेवटची चार वर्षं त्याचं हेच काम होतं.

"कधी आलास, मामा?"

"मी कुठं गेलतो?" तो परातीतून मान वर न करता म्हणतो. "छातीला काय ही वायरिंग केलियास? लाईट गेली काय घरातली?"

"हृदय बघतायत."

"लई मोठं हाय व्हय?"

"मोठंच झालंय. म्हणून तर बघतायत."

मामा हसतो. मीही हसतो. मला हसताना तारा ओढल्यासारख्या वाटतात.

"आमच्या वक्ताला न्हवतं असलं," तो म्हणतो. "आमचं फकस्त पाय बघायचे."

मी पाय खाली सोडतो तर खाली फरशी नाही, माती आहे. लाल, मऊ, तेल-ताक-हळद घालून मळलेली तालमीची माती. खाट हौद्याच्या मधोमध आहे. भिंतीला टेकून मुद्गल उभे आहेत, पलीकडे मारुतीची तसबीर. गिरणीचा आवाज इथंही येतोय. मामा परात बाजूला ठेवून उभा राहतो. उभं राहताना तो हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उठतो. मीही असाच उठतो. आमच्या घरात उठायची रीतच ती आहे, असं मला लहानपणी वाटायचं.

तो धोतर वर घेऊन पोटऱ्या दाखवतो. काय पोटऱ्या होत्या मामाच्या. गावातली म्हातारी माणसं अजून त्यांच्याबद्दल बोलतात. मामा बारा वर्षांचा असताना वस्ताद त्याच्या घरी आले, दोन्ही पंजांनी पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले, हा खांब आहे, हा तालमीला द्या. घरच्यांनी दिला. दुधाचा रतीब लागला, आजोबांनी एक म्हैस फक्त त्याच्यासाठी घेतली. ह्या आजारात पोटरीतला स्नायू झिजतो, त्याची जागा चरबी घेते आणि पोटरी भरदार दिसायला लागते, हे कुणाला माहीत असणार? कुस्तीच्या गावात जाड पोटरी म्हणजे ताकदच. दुसऱ्या कुठल्या गावात असता तर एखाद्यानं डॉक्टरला तरी दाखवलं असतं.

"वस्तादांचा राग येतो का रे?" मी विचारतो.

"त्यांचा न्हाई येत. त्यांनी जे बगितलं ते सांगितलं. दिसत हुतं तेच बगितलं, एवढीच चूक."

"पण बैठका निघेनात म्हणून वेताच्या छडीनं मारायचे की तुला."

"मारायचे. आनि रात्री तेल लावायला बी तेच यायचे." मामा पोटरीवर थापटी मारतो. "ऱ्हाऊ दे. चल, जोड लागलीया माजी."

हलगी वाजायला लागते. तालमीच्या भिंती मागं मागं सरकत जातात आणि त्यांच्या जागी माणसं बसलेली असतात, उतरंडीनं, वरपर्यंत. मी स्टेजवर माझ्या खुर्चीत आहे, हातात माईक आहे. मामा हौद्यात उतरलाय. त्याच्या समोर कोण आहे ते नीट दिसत नाही, एक अंग आहे, तोंड नाही. मला त्याची गरजही नाही. मी अशा वेळी बोलायला लागतो.

"मंडळी, लाल मातीत उतरलाय केरबा चौगुले. वय सव्वीस, वजन ब्याऐंशी किलो. पोटऱ्या बघा मंडळी, पोटऱ्या."

माझाच आवाज मला आवडतो. लोक पोटऱ्या बघतात आणि टाळ्या वाजवतात. सलामी होते, खडाखडी होते. दोन धक्के, एक हिसका, आणि मामा मागं सरून वाकतो. मूठभर माती उचलतो, हातावर चोळतो, अंगावर टाकतो. पुन्हा भिडतो. दोन धक्के. पुन्हा वाकतो.

मैदान हसतं. मामाची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. केरबा पहिलवान माती फार घेतो. कुणी म्हणायचं लबाड आहे, वेळ काढतो. कुणी म्हणायचं डाव शिजवतोय. मीही माईकवर तेच म्हणतो : "केरबा पहिलवान माती घेतोय मंडळी, डाव शिजतोय."

मामा वाकलेलाच माझ्याकडे बघतो. एवढ्या लांबून त्याचा आवाज यायला नको, पण येतो, कानाशी बोलल्यासारखा.

"माती कशापायी घेत हुतो, सांग बगू."

"हाताला पकड यावी म्हणून."

"ते लोकास्नी दाखवायला. एका हातानं माती घ्यायची, दुसरा हात मांडीवर ठिवायचा. मान खाली. आनि धा-बारा श्वास वढून घ्यायचे. वाकल्याला गडी दमलाय असं कोन म्हंतंय? माती घेतुया म्हंत्यात."

मी माईक तोंडापासून खाली घेतो. हलगीवाला वाजवतोय, पण मधला एखादा ठोका गाळतोय. एक, दोन, आणि तिसऱ्याच्या जागी नुसता हात वर. मग तिसरा आणि चौथा एकदम.

"मग सांगायचं की मामा. दम लागतो म्हणून सांगायचं."

"पैलवानानं?" तो विचारतो. "आनि नंतर मी खाली बसलो तवा तर लागंनासाच झाला. बसून बदाम सोलायला कसला दम लागतुय. तुजी आई म्हनली, केरबा बरा झाला. साखर वाटली तिनं."

ते मला आठवतं. आईनं शेजारीपाजारी साखर वाटली होती. पाय गेले ते गेले, पण पोराचा दम गेला, असं म्हणाली होती. दम गेला नव्हता. दम लागण्यासारखं तो काही करत नव्हता, एवढंच. मग एका दुपारी तालमीच्या पायरीवर, परात मांडीवर असताना, मामा भिंतीला टेकला तो टेकलाच. थंडाईसाठी जमलेले पहिलवान त्याला झोप लागली समजून अर्धा तास हळू आवाजात बोलत बसले होते.

"आई कुठाय, मामा?"

"हाय की. तिकडं."

तो मान वळवतो आणि उतरंडीनं बसलेली माणसं आता भिंतीकडच्या बाकांवर बसलेली असतात. फरशी आहे, फिनेलचा वास आहे. कोल्हापुरातल्या दवाखान्याचा तो बोळ मी डोळे मिटून चालेन. चौदा वर्षांचा होतो तेव्हापासून दरसाल इथं माझ्या हृदयाची तपासणी व्हायची. आई घेऊन यायची. एसटीनं यायचं, मला पाठीवर घेऊन पायऱ्या चढायच्या, मला आत सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर माझी फाईल घेऊन बसायचं.

ती बसलीय. मला तिची पाठ दिसते, अंबाडा दिसतो, फाईलची पिवळी पिशवी दिसते. खांदे वर-खाली होतायत. चढून आल्यावर तिचे असेच व्हायचे. मी म्हणायचो आई, मी जड झालोय. ती म्हणायची, न्हाई रं, दमा हाय माजा.

"तिचा नंबर लागला नाही अजून?"

"तिला कोन बोलावनार?" मामा म्हणतो. "ती तुज्यासाठी आल्ती."

मी तिला हाक मारायला तोंड उघडतो. माझा आवाज पंचवीस हजार माणसांना पुरतो, तो ह्या एका बाकापर्यंत पोचत नाही. सहा वर्षांपूर्वी आई गेली. दम्यानं गेली असंच आम्ही सगळ्यांना सांगितलं आणि आम्हालाही तेच खरं वाटत होतं. चार महिन्यांपूर्वी डॉक्टर मॅडमनी सहज विचारलं, आई कशानं गेल्या? मी सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, ज्या बाईकडून हा आजार मुलाला येतो, तिचे पाय ठणठणीत असतात, पण तिचं हृदय दुबळं होऊ शकतं. बऱ्याचदा ते दमा म्हणूनच खपून जातं. मग विचारलं, बहीण आहे का? तिच्यातही हे आलेलं असू शकतं. आणि चिठ्ठी लिहून दिली. बहिणीच्या हृदयाची तपासणी करून घ्यावी. लवकर कळलं तर गोळ्यांवर वर्षानुवर्षं सांभाळता येतं, असंही म्हणाल्या.

आईच्या जन्मभराच्या फेऱ्या माझ्यासाठी झाल्या, आणि त्या बाकापासून तपासणीच्या खाटेपर्यंतची दहा पावलं तिला कुणी चालवली नाहीत. मीही नाही. हे आठवलं की मला माझी लाज वाटते.

बाकावर मामा चिठ्ठी पसरून त्यावर बदामाच्या साली टाकतोय. माझीच चिठ्ठी आहे, घडीवर फाटायला आलेली.

"ही कुठं मिळाली तुला?"

"तुज्या जाकिटात. चांगलं जाकीट हाय. अस्तर बगत हुतो."

"ठेव ती."

"तूच ठिवलियास की, चार म्हैनं."

"मामा, तुला माहीत नाही काय झालं होतं ते," मी म्हणतो, आणि आता माझा आवाज चढतो. "पहिल्यांदा डॉक्टरांनी कागदावर घराण्याचं झाड काढून दाखवलं. आजार आईकडनं आलाय म्हणाले. आई एकच म्हणाली, म्हणजे मीच दिला. त्यानंतर तिनं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं कधी वाढलं नाही. अक्काला वाढायला सांगायची. भावकीतल्या बायका तिला नावं ठेवायच्या, आणि ती ऐकून घ्यायची. आता अक्काला मी तेच सांगू? तिची पोरगी लग्नाला आलीय. घराण्यात आहे असा शब्द फुटला की झालं."

मामा ऐकून घेतो. परातीतला एक बदाम तोंडात टाकतो.

"चल, चढ चढू," म्हणतो.

"मला चढवत नाही."

"मला तरी कुठं चढवतंय."

बोळ वर वर जायला लागतो. फरशीची खडी होते, भिंतींना दारं फुटतात, आणि तो आमचा चढ असतो. खाली अक्काचं घर, वर माझं. आम्ही दोघं चालत नाही, उभेच आहोत, पण चढ आमच्या पायांखालून सरकतोय. समोरून, म्हणजे खालून, अक्का येतेय. हातात किटली. तिचे पाय पक्के पडतात. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त हेवा कुणाच्या पायांचा केला असेल तर अक्काच्या.

ती गिरणीपाशी थांबते. "काय म्हंतीस गं?" ती म्हणते. "व्हय की, बाई."

अक्का बोलकी आहे. गावात सगळे म्हणतात, मंगलला गिरणीपाशी एक, नळापाशी एक आणि देवळाच्या कट्ट्यावर एक अशा तीन मैत्रिणी लागतात, तेव्हा चढ संपतो. मीही तिची टर उडवतो. म्हणतो, माझा चहा तुझ्या गप्पांत गार होतो.

ती नळापाशी येते. किटली खाली ठेवते. एक हात नळाच्या खांबावर. "आगं मग काय," ती म्हणते. "सांगतीस काय."

नळापाशी कुणी नाही.

मी नीट बघतो. गिरणीच्या दारातही कुणी नव्हतं. अक्का रिकाम्या जागेशी बोलतेय, दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. मान खाली आहे. मग किटली उचलते, वीस पावलं चालते, कट्ट्यापाशी येते, आणि तिथंही कुणी नाही, आणि ती म्हणते, "व्हय गं, बस की."

माझ्या हातात अजून माईक आहे. समोर काय चाललंय ते मला आता स्पष्ट दिसतं, आणि दिसलं की सांगायचं, एवढंच मी आयुष्यभर करत आलोय.

"माती घेतेय ती," मी म्हणतो.

"आत्ता बोललास," मामा म्हणतो.

मला भीती वाटतेय. माझ्या स्वतःच्या छातीसाठी मला अशी भीती कधी वाटली नाही.

"मामा, तिला आईसारखं झालं तर? मीच दिला म्हणत बसली तर?"

"तुज्या आईला डाक्तरनं काय सांगितलं? निकाल. तुज्याकडनं आला, खेळ खलास." तो माझ्याकडे वळतो. तोंडात बदामाचा वास आहे. "तू येवडा माईकवाला. नुस्ता निकाल सांगतूस काय रं मैदानात? कुस्ती सांगतूस की. समोर कोन हाय, किती वजनाचा हाय, कुटला डाव टाकील, आनि आपल्याकडं त्याला तोड काय हाय. तसं सांग तिला. गोळ्या हायत म्हनून सांग. बाकावर बसू नगं, आत ये म्हनून सांग. मला आसं कुनी सांगितलं असतं तर मी माती घेत बसलो नसतो."

"आणि पोरीचं?"

"पोरगी आईबिगर लग्नाला हुभी ऱ्हायली तर ते बरं दिसंल काय?"

मामानं आयुष्यात किती कुस्त्या मारल्या मला माहीत नाही, पण ही त्यानं मारली.

"तुला दिसलंय न्हवं? खात्री हाय न्हवं?"

"आहे."

"मग लिव. निकाल लिवून टाक, म्हंजी तुला मागं सरता येनार न्हाई. मी वळखतो तुला, लई गर्विष्ठ हाईस."

तो वाकतो. मला वाटतं माती घेतोय, पण तो माझ्या पायांना हात लावतोय. माझ्या पोटऱ्यांना, दोन्ही पंजांनी, वस्तादांनी त्याच्या पोटऱ्यांना लावला होता तसा. माझ्याही पोटऱ्या भरदार आहेत. मग तो पोटऱ्या सोडतो आणि तळहात वर आणून माझ्या छातीवर ठेवतो, तारांच्या मधोमध. थोडा वेळ तसाच ठेवतो.

"हितं बगायचं आसतं," मामा म्हणतो.

गिरणी थांबते.

लाईट गेली असणार. त्या शांततेनंच मला जाग येते. दार उघडं आहे, ऊन उंबऱ्याच्या आत हातभर आलंय. मी खाटेवरच आहे, फरशी फरशीच्या जागी आहे, जाकीट खुंटीवर आहे. छातीवर जरा ऊब वाटते, पण ती उन्हाचीही असेल. असल्या गोष्टींवर मी पटकन विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी उठून बसतो, गुडघ्यावर हात, मांडीवर हात.

पेन माझ्या मुठीत आहे, टोपण काढलेलं. पोटावरचा कागद घसरून मांडीवर आलाय. पिठलं-भाकरीच्या खाली आणखी एक ओळ आहे. अक्षर माझंच, जरा तिरकं, खाटेवर पडून लिहिल्यासारखं :

'३.२०. अक्काला सांगितलं.'

त्रासाचा रकाना मोकळा आहे.

मी ती ओळ दोनदा वाचतो. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. तालमीनं सत्कारात दिलेलं घड्याळ आहे, कधी मागं-पुढं होत नाही. तीन वाजून सोळा मिनिटं झालीत.

उद्या अकराला हा कागद डॉक्टर मॅडमच्या टेबलावर जाईल. त्या तो ओळीओळीनं वाचतील आणि शेजारी माझ्या हृदयाची पट्टी लावून बघतील, ३.२० ला ते कसं चाललं होतं. ओळ खोडता येईल. पेन हातातच आहे. पण अठरा वर्षांत मी दिलेला निकाल मागं घेतलेला नाही, आणि मामाला हे ठाऊक आहे.

खालून अक्काचा आवाज येतो. नळापाशी असावी. "व्हय गं," ती म्हणतेय. मध्ये थांबतेय. "सांगतीस काय."

मी कान देऊन ऐकतो. दुसऱ्या बाईचा आवाज येत नाही.

मी चिठ्ठी जाकिटातून काढून खिशात घालतो, काठी घेतो आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहतो. आवाज मात्र मला कुठूनही लावता येतो, त्याला पाय लागत नाहीत.

"अक्का, तिथंच बस," मी वरून सांगतो. "किटली खाली ठेव आणि बस. आज तू चढू नको. मी खाली येतोय."

ती मान वर करून बघते. एवढ्या लांबून तिचं तोंड दिसत नाही, पण ती बसते. नळापर्यंत उतरायला मला चार मिनिटं पुरतील.